पहिला महिला मेळावा: सतरंजी टाकण्याआधी आणि उचलल्यानंतर

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातली, नव्यानेच सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) झालेली एक मुलगी घरी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, कडेवर लेकरू. म्हणाली, "ताई, महिला मेळावा घ्यायला सांगितलंय. मंडपवाल्याचा नंबर द्या ना." मी चहा टाकला, लेकराच्या हातात बिस्किट दिलं आणि म्हटलं, तो नंबर सगळ्यात शेवटी देते. मग आम्ही दोन तास बसलो. तेव्हा जे बोललो ते इथे नीट लिहून काढते आहे. तुम्ही बचत गटाच्या अध्यक्ष असाल, अंगणवाडीताई असाल, नव्या सरपंच असाल, नाहीतर गावात काहीतरी व्हावं असं मनापासून वाटणारी एखादी सून असाल, तर उपयोगी पडेल.

मी बीड जिल्ह्यात काम करते, त्यामुळे उदाहरणं ऊसतोडीच्या गावांतली येतील. तुमच्याकडे भात असेल, मासळी असेल, शहरातली वस्ती असेल. तिथला हिशोब तुम्ही लावून घ्या.

आधी एक काम ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: हा मेळावा झाल्यावर गावात काय बदललेलं असेल? "महिला सक्षम होतील" असं उत्तर आलं तर खोडा आणि पुन्हा लिहा. "वीस घरांच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून अर्ज भरले जातील." "आठवीपासून पुढच्या सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं जाईल." "सकाळची एसटी शाळेच्या वेळेला यावी म्हणून ठराव होईल." असं काहीतरी हवं, जे झालं की नाही ते महिन्याभराने बोटं मोजून सांगता येईल.

हे काम तुम्ही एकटीने ठरवू नका. मेळाव्याआधी महिनाभर प्रत्येक वस्तीवर एक छोटी बैठक घ्या. कुणाच्या तरी ओट्यावर, दहा-बारा जणी पुरेत. भाषण नको. एका मोठ्या कागदावर चित्रं काढून न्या: नळ, संडास, एसटी, दारूची बाटली, दवाखाना, घर, शाळा. चित्र सुंदर नसलं तरी ओळखू आलं पाहिजे. प्रत्येकीच्या हातात तीन चिंचोके द्या आणि सांगा, जिथे सगळ्यात जास्त सलतं तिथे ठेवा. तिन्ही एकाच ठिकाणी ठेवले तरी चालतील. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा इथे मास्तरणीच्या बरोबरीने मत देते.

एका वस्तीवर एक आजी बराच वेळ मूठ मिटून बसल्या होत्या. सगळ्यांचे चिंचोके ठेवून झाले, तशा उठल्या आणि तिन्ही चिंचोके एसटीच्या चित्रावर ठेवले. कुणीतरी म्हटलं, "आजी, तुम्ही कुठं जाताव एसटीनं?" त्या म्हणाल्या, "म्या न्हाई जात. पर नात आठवीतून घरी बसली ना माय." मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना तो आहे. पण पास दप्तरात आणि गाडी शाळा भरल्यावर तासाभराने, मग काय उपयोग? हे मला कुठल्याच कार्यालयात कळलं नसतं. ते तीन चिंचोक्यांमुळे कळलं.

एक सूचना. पहिल्याच मेळाव्याला फार तापलेला विषय घेऊ नका. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा 2005 च्या दुरुस्तीपासून देशभर आहे, महाराष्ट्रात तर तसा कायदा 1994 लाच झाला. तरीही हक्कसोड पत्रावर सह्या रोज होत आहेत. विषय महत्त्वाचा आहे, यावर बोललंच पाहिजे. पण ज्या गावात बायका अजून माइकसमोर आपलं नावसुद्धा मोठ्याने सांगत नाहीत, तिथे पहिल्या दिवशी हा विषय काढला तर दुसऱ्या मेळाव्याला घरातून कुणी पाठवत नाही. हा माझा अनुभव आहे. तो विषय तिसऱ्या-चौथ्या मेळाव्याला घ्या, पण वहीत आजच लिहून ठेवा.

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी बहुतेक वेळा घराच्या उताऱ्याचं काम सुचवते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत घराची नोंद असते, तिचा उतारा मिळतो. "घर दोघांचे" या शासनाच्या धोरणाप्रमाणे तिथे नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. तो उतारा कर आकारणीसाठीचा असतो, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. हे बायकांना स्पष्ट सांगा, खोटी आशा दाखवू नका. पण ज्या बाईने तीस वर्षं ज्या भिंती सारवल्या, त्या घराच्या सरकारी कागदावर तिचं नाव येतं तेव्हा घरातलं बोलणं बदलतं. शिवाय हे काम गावातल्या गावात होतं, तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि बरेच नवरेही आढेवेढे न घेता सही करतात. सुरुवातीला एक काम तडीस गेलं की पुढची दहा कामं करायला बळ येतं.

तारीख: कॅलेंडर बघून नव्हे, गाव बघून

माझा पहिला मेळावा 8 मार्चचा होता. जागतिक महिला दिन, सगळीकडे असतो, आपणही घेऊ, एवढाच विचार केला. खुर्च्या दीडशे मागवल्या, बायका आल्या चाळीस. ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं त्या अर्ध्याहून जास्त जणी तेव्हा कारखान्याच्या तळावर होत्या, पालात, कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या निघतात त्या उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत. गावात म्हाताऱ्या आणि शाळेतली लेकरं राहतात. त्या दिवशी मोकळ्या खुर्च्यांकडे बघून जे वाटलं ते अजून विसरले नाही.

म्हणून आधी गावाचं वर्ष मांडा. पेरणी कधी, खुरपणी कधी, कापूस वेचणी कधी, कोयता कधी निघतो, लग्नसराई कधी, जत्रा कधी. खुरपणीच्या दिवसांत बाई रोज बुडवून येणार नाही, आणि तिने बुडवावा अशी अपेक्षाही आपण करू नये. आमच्या भागात सगळ्यात चांगला काळ पंचमीच्या पुढेमागे. नागपंचमीला लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, बायका आधीच फेर धरायला एकत्र येतात. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मेळावा ठेवला की सासरी गेलेल्या मुलीही येतात, आणि माहेरच्या अंगणात बाई सासरपेक्षा मोकळी बोलते.

कोयता जात नसेल अशा गावात संक्रांत ते रथसप्तमी हा काळ उत्तम, कारण हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरातून बाहेर पडायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. शाळेतल्या मुली हव्या असतील तर 3 जानेवारी घ्या. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म 1831 सालचा, नायगावचा. राज्यात हा दिवस बालिका दिन म्हणून पाळतात, शाळेत कार्यक्रम असतोच, त्याला जोडून घेता येतं. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती, 24 जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन, 11 ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन. यातला कुठलाही चालेल, आणि यातला एकही जमला नाही तरी काही बिघडत नाही.

वेळेचंही तसंच. सकाळी अकरा ही वेळ साहेबांच्या सोयीची असते. रोजंदारीची बाई तेव्हा शेतात असते. आम्ही दुपारी चार ते साडेसहा ठेवतो, दिवेलागणीच्या आत बाई घरी. साडेसहाला माइक बंद म्हणजे बंद. एकदा उशीर झाला आणि घरी गेल्यावर कुणाला बोलणी बसली, तर ती बाई पुढच्या वेळी येत नाही.

बोलावणं आणि कुणाला विसरतो ते

व्हॉट्सअॅपवर संदेश टाकून मोकळं होऊ नका. ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज आहे तिच्या हातात फोन नसतो, असला तर तो नवऱ्याच्या खिशात असतो. घरोघर जा, दोघी-दोघींनी. दार उघडणाऱ्या सासूला आधी बोलवा, मग सुनेला. सासूला म्हणा, "मावशी, तुम्ही आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करणार नाही." आणि खरंच करू नका.

फिरताना गावाचा नकाशा मनात धरा. मुख्य गावठाणात फिरून झालं की वाटतं काम झालं. तांडा राहिला का? बौद्ध वस्ती राहिली का? मुस्लिम मोहल्ला? गावाबाहेरचं पाल? मळ्यात राहणारी घरं? प्रत्येक ठिकाणची एक तरी बाई तयारीच्या समितीत असेल असं बघा, नुसतं आमंत्रण पुरत नाही.

जागेचंही याच डोळ्यांनी बघा. देवळाच्या मंडपात सगळ्या येत नाहीत. कुणाच्या वाड्यात ठेवलं की दुसऱ्या भावकीच्या बायका येत नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा ही मला सगळ्यात बरी जागा वाटते, ती कुणा एकाची नसते. पुण्यात 1852 च्या संक्रांतीला सावित्रीबाईंनी महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा कार्यक्रम घेतला, तेव्हा निमंत्रणातच लिहिलं होतं की कुठल्याही जातीधर्माच्या स्त्रिया आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. त्यामुळे मी खुर्च्या घेणं सोडलं. खुर्च्या आल्या की पुढची रांग, मागची रांग होते आणि कोण कुठे बसणार ते आपोआप ठरतं. सतरंजीवर गोल करून बसलं की हा प्रश्नच उरत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आठ-दहा खुर्च्या त्याच गोलात ठेवा, वेगळ्या नको.

आता दारातल्या ताटाबद्दल. इथे जरा थांबून वाचा, कारण नव्याने करणाऱ्या जवळजवळ सगळ्या जणी इथे चुकतात, मीही चुकले होते.

आपल्याकडे बायकांचा कार्यक्रम म्हटला की दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन एक मुलगी उभी असते. एका मेळाव्यात मी मागे उभी राहून बघत होते. बायका येत होत्या, कपाळ पुढे करत होत्या, आत जात होत्या. एक बाई आली, पस्तिशीची असेल, कोऱ्या कपाळाची. ताटापाशी आली आणि तिने पदर पुढे ओढून मान दुसरीकडे वळवली. ताट धरलेल्या मुलीचा हात मध्येच थांबला. दोघींनाही काय करावं कळेना. ती बाई दाराच्या कडेकडेने आत सरकली आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसली. पुढचे दोन तास मी स्टेजवरून समानतेबद्दल जे काही बोलले, ते तिच्यासाठी दारातच संपलं होतं.

तेव्हापासून आमच्या दारात ताट नसतं. एक मुलगी फूल देते, एक मुलगी नाव विचारून वहीत लिहिते. मुस्लिम बायकांनाही फूल घ्यायला अडचण नसते. हळदीकुंकू ठेवायचंच असा गावाचा आग्रह असेल, तर ते शेवटी ठेवा, आणि आधी समितीतल्या सगळ्यांशी बोलून ते विधवा बाईच्या हातून सुरू करा. पण तिला आधी विचारून, तिची तयारी असेल तरच. अचानक पुढे ओढून तिला सगळ्यांसमोर उभं करणं हासुद्धा जाच आहे. बोलायला सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर हेरवाडचं उदाहरण सांगा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्यानंतर राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्यासारख्याच एका गावाने केलं आहे, हे ऐकलं की सासवाही विचार करू लागतात.

परवानगी आणि पैसे

शाळेसाठी मुख्याध्यापकांना अर्ज, ग्रामपंचायतीला एक पत्र, माइक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी. तिन्ही आठ दिवस आधी, आणि प्रत्येकाची पोच घ्या.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) यांना या रकमेबद्दल आधी लेखी विचारा. तपासणी शिबिराचा खर्च त्यातून निघू शकतो. पुढाऱ्याकडून पैसे घेतले तर फ्लेक्सवर त्याचा फोटो येतो आणि गावातली दुसऱ्या बाजूची घरं बायकांना पाठवत नाहीत. म्हणून मी घेत नाही. सतरंज्या शाळेच्या, भांडी बचत गटाची, चहा-पोह्यांचं सामान घरटी मूठ-मूठ. खर्च राहतो तो माइकचा आणि कागदांच्या झेरॉक्सचा.

आदल्या दिवशी दोन गोष्टी स्वतः जाऊन बघा: शाळेच्या संडासाची किल्ली कुणाकडे आहे आणि आत पाणी आहे का. रविवारी शिपाई गावाला गेलेला असतो आणि दोनशे बायका तीन तास अवघडून बसतात, हे मी पाहिलं आहे. एका बादलीत मग, एक साबण, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली सॅनिटरी पॅड. लेकरांसाठी एक वर्ग उघडा, तिथे गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांना बसवा. पोरांना, पोरींना नव्हे. पोरींनी मेळाव्यात बसायचं आहे.

प्रत्यक्ष अडीच तास

पाहुणे जास्तीत जास्त दोन बोलवा, आणि ज्यांच्या हातात तुम्ही ठरवलेलं काम आहे असेच. उताऱ्याचं काम असेल तर ग्रामपंचायत अधिकारी, तपासणी असेल तर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर. शाल-श्रीफळ, हार, सत्कार यांना काट मारा. आठ जणांचा सत्कार म्हणजे चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात बायकांच्या मनातलं बोलणं विरून जातं. पाहुण्यांची वाट बघत बसू नका, चारला म्हणजे चारला सुरू करा.

आमची साधारण आखणी अशी असते. पहिली पंधरा मिनिटं ओव्या किंवा फेर. हे मनोरंजन म्हणून ठेवत नाही. जी बाई भाषणात तोंड उघडत नाही तिचा आवाज इथे निघतो, आणि एकदा घसा मोकळा झाला की पुढे बोलणं सोपं जातं. मग नावाची फेरी. प्रत्येकीने स्वतःचं नाव सांगायचं, "अमक्याची आई", "तमक्याची सून" असं नाही. दोनशे बायका असतील तर गटागटात सांगू द्या. एका पंचावन्न वर्षांच्या मावशींनी नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. लग्नात बदललेलं सांगू का माहेरचं, हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी माहेरचं सांगितलं, आणि शेजारी बसलेली त्यांची सून आश्चर्याने बघत राहिली, तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. या फेरीला वेळ द्या, घाई करू नका.

नंतर पाच-सहा जणींचे गोल करा आणि ठरवलेल्या कामावर एकच प्रश्न द्या. उताऱ्याचं काम असेल तर: "उद्या घरावर संकट आलं तर कोणता कागद दाखवाल, आणि त्यावर कुणाचं नाव आहे?" वीस मिनिटं. प्रत्येक गोलात तुमच्या समितीतली एक बाई बसवा, तिचं काम बोलायचं नाही, ऐकायचं आणि गप्प बसलेल्या बाईकडे वळायचं. मग प्रत्येक गोलाने एक मागणी सांगायची.

मागणी नेमकी हवी, हे सारखं सांगत राहा. नागपूरला 20 जुलै 1942 रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे ठराव झाले ते घटस्फोटाच्या हक्काचे आणि कामगार बायकांच्या रजेचे होते. इतकं रोखठोक बोलणं बायकांना ऐंशी वर्षांपूर्वी जमलं, आपल्यालाही जमतं. "पाण्याची सोय करावी" याऐवजी "वरच्या वस्तीवर एक नळ, उन्हाळा लागायच्या आत" असं लिहून घ्या.

शेवटचा पाऊण तास कामाचा. टेबलं मांडा, अर्जाचे नमुने झेरॉक्स करून ठेवा, लिहिणाऱ्या चार मुली बसवा. उताऱ्यासाठी नवरा-बायकोचा अर्ज, नवऱ्याची संमती, दोघांच्या आधारकार्डाच्या प्रती, घरपट्टी भरल्याची पावती एवढं आमच्याकडे मागतात. तुमच्या ग्रामपंचायतीत काय मागतात ते आधी विचारून बोलावण्यातच सांगा, म्हणजे बायका कागद घेऊन येतील. काही जणी अंगठा लावतील. अंगठा लावणाऱ्या बाईला अर्ज वाचून दाखवल्याशिवाय शाई पुढे करू नका.

मुलींसाठी वेगळा वेळ

आईसमोर मुलगी बोलत नाही, आणि मुलीसमोर आईही बोलत नाही. म्हणून किशोरींचा गोल वेगळ्या वर्गात घ्या, दार पुढे लोटून. तिथे आशाताई किंवा सिस्टर असाव्यात.

पाळी, रक्त कमी असणं, शाळा सुटणं, लग्न हे विषय मुली स्वतःच काढतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. मुलींना हे आकडे सांगण्यापेक्षा त्यांचा स्वतःचा आकडा कळू द्या. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या लागतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी बऱ्याच मुली दप्तरात टाकतात, कारण उपाशीपोटी घेऊन मळमळतं. जेवल्यावर घ्यायची, वर चहा नाही, लिंबू पिळलेलं काही चालेल, एवढं सांगितलं तरी फरक पडतो. प्रत्येकीचा आकडा तिच्याच हातात द्या, मोठ्याने वाचू नका.

काही मुली त्या दिवशी तुम्हाला जड गोष्ट सांगतील. त्याची तयारी आधीच हवी. लग्न ठरल्याचं सांगितलं आणि वय अठराच्या आत असेल, तर गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, त्यांच्या मदतीला अंगणवाडीताई असतात. त्यांना कळवा, किंवा 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. अंगाला हात लावल्याचं, त्रास दिल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा विचारू नका, "तू तिथे गेलीसच का" असं चुकूनही म्हणू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ही माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याऐवजी म्हणा, "तू सांगितलंस हे चांगलं केलंस. आता जे करायचं ते तुला सांगून करू, मी तुझ्यासोबत आहे." आणि सोबत राहा. मोठ्या बायकांसाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि तातडीसाठी 112. घरातल्या मारहाणीसाठी 2005 च्या कायद्याने तालुक्याला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांचं कार्यालय कुठे आहे ते आधी बघून या. हे नंबर फ्लेक्सवर लिहिण्यापेक्षा संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिथे बाईला ते कुणी बघत नसताना पाठ करता येतात.

फोटोंचं एक. मुलींच्या गोलात मोबाइल बाहेर ठेवायचे. बाकी कार्यक्रमाचेही फोटो विचारून काढा. एका मुलीचा हसतानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला आणि तिच्या घरच्यांनी तिला पुढे कुठेच येऊ दिलं नाही. तिला आम्ही परत आणू शकलो नाही.

पुरुष

बोलवायचे, पण शेवटच्या अर्ध्या तासाला. तेव्हा बायकांच्या मागण्या ठरलेल्या असतात आणि त्या वाचून दाखवायच्या असतात. सुरुवातीपासून पुरुष बसले की बायका पदर सावरण्यातच राहतात. मात्र ज्या नवऱ्यांनी संमतीची सही केली त्यांना नाव घेऊन धन्यवाद द्या. टाळ्या पडतात, आणि मागे उभे असलेले दोघे-तिघे पुढे येतात.

सतरंजी उचलल्यानंतर

खरं काम आता सुरू होतं, आणि बहुतेक मेळावे इथेच संपलेले असतात. म्हणून पुढचे दिवस आधीच वहीत मांडून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी, शीण असला तरी, समितीने तासभर बसायचं. किती आल्या, कोणत्या वस्तीवरून एकही आली नाही, किती अर्ज झाले, कोण रडत घरी गेली. शेवटचं आधी तपासा, त्या घरी त्याच दिवशी जा.

तीन दिवसांत सगळे अर्ज एकत्र ग्रामपंचायतीत द्या आणि प्रत्येकीच्या अर्जावर पोचेचा शिक्का घ्या. एकेकटी गेली की "नंतर या" ऐकून परत येते, वीस जणी एकत्र गेल्या की शिक्का सापडतो. अर्ज मासिक सभेपुढे कधी येणार ती तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी दोघी-तिघी तिथे जाऊन बसा.

ज्या मागण्या ग्रामपंचायतीच्या हातात नाहीत त्या महिला ग्रामसभेत मांडा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, तिथले ठराव ग्रामसभेपुढे जातात. बऱ्याच गावांत ही सभा कागदावरच होते, सह्यांची वही घरोघर फिरते. ती वही तुमच्या दारात आली तर म्हणा, सभा कधी आहे ते सांगा, तिथे येऊन सही करते. एवढं दहा जणींनी म्हटलं की सभा भरते. ठरावात विषय, मागणी आणि ज्यांना पाठवायचा त्या अधिकाऱ्याचं पद नीट लिहिलं आहे ना ते सही करण्याआधी वाचून घ्या, आणि ठरावाची नक्कल मागा.

आजींच्या एसटीचं आम्ही असंच केलं. महिला ग्रामसभेचा ठराव, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणि नवव्या वर्गापर्यंतच्या बावीस मुलींची यादी घेऊन पाच जणी आगार व्यवस्थापकांकडे गेलो. पहिल्या खेपेला ते भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला भेटले, वेळापत्रक उघडून बसले आणि गाडी शाळा भरायच्या आत पोचेल इतकी अलीकडे घेता येईल म्हणाले. तिसऱ्या खेपेला कागद हातात आला. या सगळ्याला पावणेचार महिने लागले. आजींची नात तोवर दीड वर्ष घरी होती. मुख्याध्यापकांशी बोलून तिला पुन्हा आठवीत बसवलं, वयाने वर्गात मोठी दिसते म्हणून सुरुवातीला लाजायची.

दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, त्याच ओट्यावर समितीने बसायचं. वहीत प्रत्येक अर्जापुढे तीन रकाने: दिला, सभेत आला, उतारा मिळाला. तिसरा रकाना भरला की त्या बाईला बोलवा आणि उतारा तिच्याच हाताने सगळ्यांना दाखवू द्या. परवा एका वहिनींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून आणला होता. गाठ सोडायला वेळ लागला. मग बोट ठेवून स्वतःच्या नावाची अक्षरं त्यांनी एक-एक करून लावली, आणि शेजारची म्हणाली, "वहिनी, माझा अर्ज राहिलाय ओ, फॉर्म उरलाय का एखादा?"

उरलेले फॉर्म नेहमी जवळ ठेवा. मंडपवाल्याचा नंबर त्या मुलीने जाताना परत मागितलाच नाही.